ना गायक, ना वादक

"पण हा माणूस गात नाही, वाजवत नाही. मग याने केलं काय?"

जुन्या काळचा अमेरिकन रेकॉर्ड निर्माता राल्फ पीअर याच्याबद्दल मी रंगात येऊन सांगत होतो, तेव्हा भाच्याने मध्येच विचारलं. दिवसभर तेच डोक्यात.

१९२७चा उन्हाळा. अमेरिकेतलं ब्रिस्टल, अर्धं टेनेसीत, अर्धं व्हर्जिनियात. व्हिक्टर कंपनीसाठी रेकॉर्डिंगची यंत्रं घेऊन पीअर तिथे उतरला. मग स्थानिक पेपरवाल्याला रेकॉर्डिंग बघायला बोलावलं. बातमी छापून आली: अर्नेस्ट स्टोनमन या गायकाला गेल्या वर्षी रेकॉर्डमधून ३,६०० डॉलर मिळाले.

झालं! डोंगरातून माणसांची रीघ. (आकडा छापून आणणारा प्रमोटर खरा हुशार.) त्याच मुक्कामात कार्टर फॅमिली आणि जिमी रॉजर्स पहिल्यांदा व्हिक्टरच्या माइकसमोर उभे राहिले. कंट्री संगीताचा पायाच तो.

पण खरी मेख पैशात. पीअरने व्हिक्टरकडे पगार मागितलाच नाही, गाण्यांचे प्रकाशन हक्क मागितले, म्हणजे विकल्या जाणाऱ्या रेकॉर्डमागे गाण्याच्या मालकाला मिळणारा वाटा. म्हणून त्याला गाणी हवीत ती जुन्या बाजाची, पण अजून कुणाच्या नावावर न चढलेली. कार्टर फॅमिलीतला ए. पी. कार्टर मग डोंगरात दारोदार फिरून गाणी गोळा करायचा, ती कार्टरच्याच नावावर नोंदली जायची.

पीअर व्यवहारी की लबाड? मला दोन्ही वाटतो. तो नसता तर हे आवाज त्या डोंगरातच राहिले असते, हेही तितकंच खरं.

पण ज्यांनी ओसरीवर बसून कार्टरला ती गाणी म्हणून दाखवली, त्यांच्या हाती काय पडलं असेल?