औषधाआधीचे २८ दिवस

अर्धशिशीवरील एका नव्या प्रतिबंधक औषधाच्या चाचणीसाठी मी नाव दिले, तेव्हा मला धास्ती होती ती इंजेक्शनाची आणि आपल्या वाट्याला प्लासिबो, म्हणजे औषधासारखेच दिसणारे पण औषध नसलेले इंजेक्शन, येईल याची. प्रत्यक्षात संमतिपत्र, रक्ततपासणी, ईसीजी हे सारे दोन भेटींत उरकले. मला अडवले ते डोकेदुखीच्या नोंदवहीने, आणि तेही औषधाचा थेंबसुद्धा मिळण्यापूर्वी. त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

दुखणे किती कमी झाले हे पुढे मोजायचे, तर ते मुळात किती होते हे आधी कळायला हवे, म्हणून पहिले २८ दिवस केवळ नोंदी करायच्या होत्या. महिन्यात ४ ते १४ दिवस अर्धशिशी असणारेच या चाचणीत बसत होते. रोज रात्री मोबाइलवर भरायचे: डोके दुखले का, किती तास, एका बाजूला की दोन्हीकडे, ठणका होता का, मळमळ झाली का, उजेड आणि आवाज नकोसा झाला का, कोणती गोळी घेतली. एखाद्या दिवसाची नोंद दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत भरता येई; त्यानंतर ती तारीख कायमची बंद होई.

ही पद्धत ठरवणाऱ्याचे डोके कधी अर्धशिशीने उठले नसावे. खोलीत अंधार करून, उशीत तोंड खुपसून पडलेल्या माणसाने लखलखत्या पडद्याकडे पाहून ‘उजेडाचा त्रास होतो का’ या प्रश्नाचे उत्तर द्यायचे! माझे झटके दोन-दोन दिवस चालतात, आणि नेमक्या त्याच तारखा हातातून निसटत गेल्या. किमान ८० टक्के, म्हणजे २३ दिवसांच्या नोंदी आवश्यक होत्या. माझ्या भरल्या २१.

चाचणीच्या समन्वयक बाईंनी फोनवर शांतपणे सांगितले की मी निकषात बसत नाही. मी दिनदर्शिकेवर केलेल्या खुणा दाखवायची तयारी दर्शवली, तर मागाहून आठवून भरलेली माहिती ग्राह्य धरता येत नाही, असे उत्तर आले. मी फारच हुज्जत घातली, तेव्हा त्यांनी खरे कारण उलगडले: माझ्या कोऱ्या राहिलेल्या ७ दिवसांपैकी बहुतेक दिवस वाईट असणार, आणि ते गाळून हिशेब केला तर माझा आजार आहे त्याहून सौम्य दिसेल, मग औषधाने पडलेला फरकही खोटा ठरेल. मुद्दा मला पटला. पण मग हीच गोष्ट पहिल्या भेटीत, संमतिपत्राची पाने उलटताना का सांगितली नाही, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते.

पुन्हा प्रयत्न करण्याची मुभा एकदाच होती. नवे संमतिपत्र, नवी रक्ततपासणी आणि पुन्हा तेच २८ दिवस, ज्यांत माझी जुनी प्रतिबंधक गोळी सुरू करता येत नव्हती. या खेपेस मी मोबाइलचा उजेड अगदी मंद ठेवला, उशाशी कागद-पेन्सिल ठेवून झटक्याच्या वेळा अंधारातच खरडल्या आणि आदल्या दिवसाची नोंद पूर्ण करण्यासाठी सकाळचा गजर लावला. घरच्यांनी आठवण करायला हरकत नसते, मात्र उत्तरे आपलीच हवीत. नोंदी २७ झाल्या, अर्धशिशीचे दिवस ११ भरले आणि मी आत गेले, याचा मला परीक्षेत पहिली आल्याइतका अभिमान वाटला.

पुढचे १२ आठवडे, महिन्याला एक इंजेक्शन, विनातक्रार गेले. कोणाला औषध आणि कोणाला प्लासिबो हे संगणकाने ठरवले असून ते मला ठाऊक नाही, माझ्या डॉक्टरांनाही नाही. माझे दुखण्याचे दिवस ११ वरून ६ वर आले आहेत. परंतु अशा चाचण्यांत प्लासिबो घेणाऱ्यांनाही बरे वाटते आणि माणूस चाचणीकडे वळतो तो बहुधा दुखण्याने कळस गाठलेला असताना, जे पुढे आपोआपही ओसरू शकते, म्हणून हा आनंद मी सध्या जपून वापरते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. संमतिपत्र घरी नेऊन वाचा आणि किती नोंदी चुकल्या तर बाद ठरवतात, पुन्हा संधी मिळते का, हे सहीपूर्वी विचारा. सहीनंतरही कधीही बाहेर पडता येते. नाव देण्याआधी आपल्या वेदनाशामक गोळ्याही मोजा. ट्रिप्टान (अर्धशिशीचा झटका आल्यावर घ्यायच्या खास गोळ्या) महिन्यात १० किंवा अधिक दिवस, अथवा साध्या वेदनाशामक गोळ्या १५ किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ चालले, तर गोळ्यांमुळेच डोके दुखू लागू शकते, आणि तेवढ्यावरूनही नाव कटू शकते. माझे ट्रिप्टानचे दिवस ८ होते. मी थोडक्यात वाचले.