सतरंजीवरचा समेट

मराठी ख्रिस्ती घरांतले रुसवे शेजारच्या घरांतल्या रुसव्यांपेक्षा फारसे निराळे नसतात. वडिलोपार्जित जमिनीची वाटणी, घरी येऊन द्यायचे लग्नाचे आमंत्रण फोनवर उरकणे, आईला कोणी किती दिवस सांभाळले याची तोंडपाठ यादी, हीच कारणे इथेही असतात. फरक एवढाच की जुन्या वळणाच्या घरांत दिवेलागणीनंतर कौटुंबिक प्रार्थना होते आणि सकाळी ज्याच्याशी बोलणे टाकले, त्याच्याच शेजारी सतरंजीवर बसून, येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतले ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’ असे एका सुरात म्हणावे लागते. त्या ओळीपाशी एखाद्याचा आवाज हमखास उतरतो. त्याच प्रार्थनेत रोजची भाकर मागताना आपण देवाला कोणताही हिशेब देत नाही; ही एकच मागणी मात्र अट घालून केलेली आहे आणि ती अट मागणाऱ्याने स्वतःवरच ओढवून घेतलेली आहे.

भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा का, असे पेत्र या शिष्याने विचारले तेव्हा येशूने त्याला सातांच्या सत्तर वेळा असे उत्तर दिले आणि लगेच एका चाकराचा दाखला सांगितला. राजाने त्या चाकराचे दहा हजार तलांतांचे कर्ज सोडून दिले, तरी त्याने शंभर दिनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरला. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी आणि तलांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, हे लक्षात घेतले तर सहा कोटी दिवसांच्या मजुरीपुढे शंभर दिवसांची मजुरी नगण्य ठरते, आणि उपदेशांत भर नेहमी यावरच असतो. मला मात्र त्या शंभर दिनारांविषयी बोलावेसे वाटते. तीन महिन्यांहून अधिक काळची कमाई गरिबाच्या घरी लहान नसते. सोबत्याने केलेले नुकसान खोटे आहे असे येशू म्हणत नाही. ते खरे आहे, म्हणून तर सोडण्याला अर्थ आहे. ‘झालं ते विसरून जा’ हा सल्ला आपल्याकडे बहुतेक वेळा सुनेला दिला जातो आणि सासरच्या कोणाला चुकीची कबुली द्यायला सांगितले जात नाही. त्याला क्षमा म्हणणे मला पटत नाही. ती नुसती गप्प बसवण्याची सोय आहे.

या बाबतीत मला लक्ष्मीबाई टिळकांचा आधार वाटतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पत्नीचे आयुष्य, तिला न विचारता, मुळापासून हलवले. पुढची काही वर्षे दोघांची ताटातूट झाली. त्यानंतर लक्ष्मीबाई संसारात परतल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला. उतारवयात लिहिलेल्या आठवणींत त्यांनी नवऱ्याचा तापटपणा, त्यांचा विसराळूपणा आणि हातातला पैसा दुसऱ्याला देऊन टाकण्याची खोड, यांतले काहीही झाकलेले नाही. पण वाचताना हसू येते, कारण लिहिणारीच्या मनात वसुली उरलेली नाही.

रागात असताना सूर्य मावळू नये, असे प्रेषित पौलाने इफिस इथल्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात लिहिले. यहुदी दिवस सूर्यास्ताबरोबर बदलतो, तेव्हा आजचा राग उद्याच्या खात्यावर चढू नये, एवढाच कदाचित त्याचा हिशेब असावा. प्रत्यक्षात ही मुदत अनेक घरांत नाताळापर्यंत लांबते. डिसेंबरात करंज्या आणि शंकरपाळ्यांचे डबे भरले जातात, त्यांतला एक अबोला धरलेल्या दिराकडेही काढून ठेवावा लागतो, आणि डबा रिकामा परत करायचा नाही हा तर साऱ्या महाराष्ट्राचा शिरस्ता. डबा पोहोचवायला घरातल्या लहान मुलाला पाठवतात. ते ‘काकू, मम्मीने दिलंय’ एवढे सांगते आणि मोकळे होते. क्षमेचा शब्द डब्याबरोबर जात नाही, त्याची कोणी वाटही पाहत नाही. मात्र पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात दोघी जावा यंदा सारण जरा कोरडे झाले होते की नाही यावर वाद घालू लागतात, आणि जमिनीचा प्रश्न तलाठ्याकडे जायचा तेव्हा जातो.