तुम्ही विचारलंत म्हणून: उणे तिसात ट्रकला हवा कुठून द्यायची?

"काका, ट्रक घेतला. आता एअर इनटेक कुठला लावू?" कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटनमध्ये आपल्या लोकांत कुणी नवी पिकअप घेतली की हिवाळ्याच्या तोंडावर हा प्रश्न माझ्याकडे येतोच. मी इथे ट्रकच्या वर्कशॉपमध्ये काम करतो, त्यामुळे विचारणं साहजिक आहे. एअर इनटेक म्हणजे मूळ फिल्टरचा डबा काढून इंजिनाला जास्त थंड हवा मिळावी म्हणून लावायचं बाजारातलं किट. मित्राने तो लावलेला असतो, इंजिनाचा आवाज भारदस्त येतो, खोक्यावर जादा हॉर्सपॉवर छापलेली असते, आणि मायलेजही वाढतं असं कुणीतरी सांगितलेलं असतं. पार्किंगमध्ये उभ्या उभ्या माझं उत्तर नेहमी अर्धं राहतं. म्हणून आज सगळं सांगतो.

आधी तुमचे पैसे वाचवायचा प्रयत्न करतो. थंड हवा घट्ट असते, तिच्यात ऑक्सिजन जास्त मावतो, हे खरं आहे. पण उणे ३० अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा साधारण २० टक्के घट्ट असते. म्हणजे किटवाला जे विकतोय ते अल्बर्टाचा जानेवारी तुम्हाला फुकट देतो. शिवाय हल्लीच्या बहुतेक पिकअपचा मूळ एअर बॉक्स (फिल्टरचा डबा) बॉनेटखालची तापलेली हवा घेतच नाही. त्याचं तोंड ग्रिलच्या मागे किंवा फेंडरच्या पोकळीत असतं, तो बाहेरचीच हवा ओढतो. टर्बो इंजिन (हवा दाबून आत भरणारं) असेल तर किती दाब द्यायचा ते संगणक ठरवतो. मूळ सेटिंगवर चालणाऱ्या गाडीत फिल्टरमुळे काही अडलेलं क्वचितच असतं. मायलेजचं म्हणाल, तर अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून गाड्या तपासल्या. आधुनिक फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत मायलेज जवळजवळ बदललं नाही, फक्त वेग पकडायला वेळ लागला. तुंबलेल्या फिल्टरने मायलेज पडत नसेल, तर मोकळ्या फिल्टरने ते वाढणार कुठून?

आता खरा मुद्दा: बर्फ. पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसाला बर्फ म्हणजे ओला, जड असं वाटतं. उणे २५ च्या खाली तो पिठासारखा कोरडा आणि बारीक होतो. हायवे ६३ वरून फोर्ट मॅकमरेकडे निघालात आणि पुढे अठरा चाकांचा ट्रेलर असेल, तर त्याच्या मागे उडणारा तो भुरका ढग थेट तुमच्या ग्रिलमध्ये शिरतो. मूळ एअर बॉक्सची नळी वाकडीतिकडी आणि लांब असते ती उगीच नाही. हवा वळते, जड कण वळणावर मागे पडतात, पाणी तळाच्या भोकातून गळून जातं. बाजारातली बरीच किट नेमकी हीच वळणं काढून रस्ता सरळ आणि रुंद करतात. उन्हाळ्यात ठीक आहे. हिवाळ्यात त्याच सरळ रस्त्याने बर्फ फिल्टरवर जाऊन बसतो, थर चढतो, इंजिन गुदमरतं.

म्हणून काही जण सांगतात, उघडा फिल्टर बॉनेटखाली ठेव, तिथे ऊब असते. हे अर्धंच खरं आहे. तिथेही ग्रिलमधून आणि चाकाच्या बाजूने बर्फ येतोच. इंजिनाच्या उबेने तो वितळतो, फिल्टर ओला होतो, आणि रात्रभर गाडी बाहेर उभी राहिली की सकाळी त्याचा दगड झालेला असतो. २०२४ च्या जानेवारीत इथे पारा उणे ४० च्या खाली गेला होता, आणि १३ तारखेच्या संध्याकाळी वीज जपून वापरा असा इशारा प्रांतभर सगळ्यांच्या फोनवर आला होता. तशा रात्री ओला फिल्टर नको.

हेवी ड्यूटी डिझेल असेल तर आणखी जपा. २०१३ च्या मॉडेलपासून रॅम पिकअपच्या कमिन्स डिझेल इंजिनाला हवेचे दोन रस्ते दिलेले आहेत. (कमिन्स म्हटलं की पुणेकराला कोथरूड आठवतं, किर्लोस्कर कमिन्स तिथे १९६२ मध्ये सुरू झाली.) एक रस्ता समोरून गार हवा घेतो, बर्फ किंवा पाणी शिरायला लागलं की झडप फिरते आणि बॉनेटखालची हवा घेतली जाते. या प्रांतासाठी याहून चांगली सोय मला माहीत नाही. किट लावल्यावर ही झडप चालू राहते का, हे विकणाऱ्याकडून लेखी घ्या. राहत नसेल तर ते किट घेऊ नका.

एवढं ऐकूनही हवाच असेल, म्हणजे साधं बिनटर्बोचं व्ही-एट (आठ सिलिंडरचं) इंजिन आहे आणि आवाजाची हौस आहे, तर हौसेला माझी ना नाही. बंद डब्याचं किट घ्या, वर झाकण असलेलं. फिल्टर कोरडा, सिंथेटिक घ्या. तेल लावायचे कापडी फिल्टर धुऊन, पूर्ण वाळवून, मग मोजकंच तेल लावून बसवायचे असतात. इथल्या हिवाळ्यात ते वाळवायचे कुठे? आणि तेल जास्त झालं की ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर जाऊन बसतं. नळी ॲल्युमिनियमची चकचकीत दिसते, पण मी प्लास्टिकचीच सुचवतो, आणि त्याचं कारण पुढे आहे.

इंजिनाच्या पोटातली वाफ एका बारीक पाइपाने याच नळीत परत येते. मुलांना शाळेत सोडून, दूध आणून परत, अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही आणि त्या वाफेत पाणी भरपूर असतं. गारठलेल्या धातूला लागलं की ते तिथेच गोठतं. पाइप बंद झाला की पोटातला दाब वाढतो आणि तेल सील फोडून बाहेर येतं. हे काम महाग असतं. काही गाड्यांत कंपनीने हा जोड गरम ठेवायची सोय केलेली असते. किटमध्ये ती जशीच्या तशी बसते का ते पाहा. किट तुमच्याच मॉडेलचं आणि वर्षाचं हवं, कारण सेन्सरपाशी नळीचा व्यास जरा बदलला तरी मोजमाप चुकतं. आणि पहिल्या कडाक्याच्या थंडीनंतर सगळे क्लॅम्प पुन्हा आवळा. थंडीने जोड आकसतात, फटीतून न मोजलेली हवा शिरते, मग पी०१७१ किंवा पी०१७४ हे (हवा जास्त, इंधन कमी असं सांगणारे) बिघाडाचे कोड घेऊन तुम्ही आमच्याकडे येता.

मूळ एअर बॉक्स मात्र विकू नका. ऑक्टोबरमध्ये हिवाळी टायर चढवाल तेव्हाच तो परत बसवा, मे महिन्यात काढा. आणि इनटेकचे पैसे काढून ठेवलेच असतील तर आधी ब्लॉक हीटर (उभ्या गाडीचं इंजिन विजेवर गरम ठेवणारा) चालतो का आणि बॅटरी किती जुनी आहे, ते तपासून घ्या.

बर्फाच्या ढगात गाडीची ताकद एकदम कमी झाली तर हायवेच्या कडेला थांबू नका. मागच्याला तुम्ही दिसणार नाही. हळूहळू पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जा, इंजिन बंद करा, डबा उघडा, फिल्टर काढून बर्फ झटका, डब्याचा तळही पुसून घ्या. त्यासाठी सीटमागे एक कोरडा कागदी फिल्टर ठेवा. ओला तिथेच काढा आणि कोरडा लावूनच पुढे निघा.