आमची वाटचाल : हिरवा वाडगा आणि त्याचे दोन कान

आम्ही जुनी फिएस्टा विकतो, म्हणजे अमेरिकेतल्या होमर लाफलिन कंपनीची एकरंगी, झिलईदार मातीची भांडी. १९३६ ते १९७३ मधली, आणि सोबत त्याच कारखान्याची हार्लेक्विन नि रिव्हिएरा ही भांडी. १९८६ साली पन्नाशीच्या निमित्ताने कंपनीने फिएस्टा पुन्हा सुरू केली, ती आम्ही ठेवत नाही. तो माल मजबूत आहे, रंगही छान आहेत, पण तो कुणालाही दुकानात जाऊन घेता येतो. जुन्या मालाला पारख लागते, आणि आमच्याकडे लोक त्या पारखेसाठी येतात.

मी सांगलीची. लग्न होऊन अमेरिकेत पिट्सबर्गला आले तेव्हा फिएस्टा हा शब्दही कानावरून गेलेला नव्हता. गंमत म्हणजे ही भांडी जानेवारी १९३६ मध्ये पहिल्यांदा व्यापाऱ्यांसमोर मांडली गेली ती पिट्सबर्गच्याच प्रदर्शनात. तांबडा, कोबाल्ट निळा, हलका हिरवा, पिवळा आणि आयव्हरी असे पाच रंग होते, टर्क्वाइज थोडा मागाहून आला. नक्षी नाही, फुलं नाहीत, सोनेरी किनार नाही. काठाशी आणि मधोमध एकात एक वर्तुळं, बाकी सगळा सपाट रंग. वेगवेगळ्या रंगांची भांडी एकाच टेबलावर मिसळून मांडायची, सुटी सुटी घ्यायची, ही कल्पनाच तेव्हा घरोघरी नवी होती. कॅलिफोर्नियात बाउअर या कंपनीवाल्यांनी एकरंगी भांडी आधीच काढली होती हे खरं, पण ती देशभर स्वयंपाकघरांत पोचवली होमर लाफलिननेच. फ्रेडरिक हर्टन रीड या इंग्लंडहून आलेल्या कलाकाराने आकार काढले, आणि त्याची नजर किती पक्की होती ते कळायला चकतीच्या आकाराचा तो पाण्याचा जग एकदा हातात धरून बघावा.

१९९८ साली आम्ही नाव नोंदवून रीतसर व्यवसाय सुरू केला. हे दिवसा नोकरी करत आणि शनिवारी पहाटे माझ्याबरोबर इस्टेट सेलच्या, म्हणजे एखाद्या घरातलं सगळं सामान विकायला काढतात त्या विक्रीच्या रांगेत उभे राहत. आपल्या लोकांत मात्र याचं कौतुक झालं नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायका तळघरातली फडताळं बघून आपसात म्हणत, "लोकांच्या उष्ट्या बश्या गोळा करते." एकीने तर मला तोंडावर विचारलं, पैशांची अडचण आहे का म्हणून. ते मला लागलं, आजही लागतं. ज्यांच्या घरी आजीचा तांब्याचा बंब दिवाणखान्यात शोभेला ठेवलेला होता त्यांनी हे विचारावं!

धंदा मला शिकवला न्यूवेलच्या आजींनी. न्यूवेल म्हणजे ओहायो नदीपलीकडचं, वेस्ट व्हर्जिनियातलं कारखान्याचं गाव. ईस्ट लिव्हरपूलहून जुन्या पुलाचा टोल भरून तिकडे जायचं. या आजींनी ऐन उमेदीची वर्षं त्या कारखान्यात काढली. काम एकच, कपांना कान लावायचं. एका सेलमध्ये मी एक बशी उलटसुलट करत उभी होते, तर या मागून आल्या, माझं बोट धरलं आणि बशीच्या पाठीवर फिरवलं. तीन बारीक खरखरीत ठिपके लागले. म्हणाल्या, "हनी, हे सापडले तर पैसे काढ." जुन्या बशीला खालूनही झिलई असते, त्यामुळे भट्टीत ती तीन टोकांवर टेकवावी लागे, त्या टेकूच्या या खुणा. नव्या बशीच्या बुडाची कड झिलई पुसून कोरडी ठेवलेली असते. ताट-बश्यांच्या बाबतीत ही खूण सहसा दगा देत नाही. काही उभ्या भांड्यांना मात्र जुन्या काळीही बूड कोरडंच असे, तेव्हा एवढ्यावरच निकाल देऊ नका.

आजींना मी नुसतं 'आजी' म्हणायचे, त्यांनाही ते आवडायचं. त्या माझ्या भागीदार झाल्या; कागदावर नाही, पण प्रत्येक मोठ्या खरेदीला त्या सोबत असत आणि नफ्यातला वाटा मी त्यांना न चुकता दिला.

आमची हत्यारं थोडकी आहेत, पण एकेकाचं काम ठरलेलं. मोजमापाला कॅलिपर, कारण अर्ध्या इंचाच्या फरकाने वाडग्याचं नाव बदलतं आणि किंमतही. अंधारात धरायला अतिनील किरणांचा दिवा; चिकटवलेल्या, रंग मारलेल्या जागा त्यात वेगळ्या चमकतात. एक टाचणी, जी खऱ्या झिलईवरून घसरते आणि भरलेल्या लांबीत, म्हणजे पुट्टीत रुतते. अॅसिटोनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा, मागाहून मारलेला रंग त्याला लागतो. काट्या-सुऱ्यांचे करडे ओरखडे काढायला बार कीपर्स फ्रेंडची पूड, तीही ओल्या फडक्याने आणि हलक्या हाताने. किरणोत्सर्ग मोजणारा एक गायगर काउंटर आहे, तो तांबड्यासाठी. जुन्या तांबड्या झिलईत युरेनियम असे. १९४३ साली सरकारने युरेनियम अणुबॉम्बच्या कामासाठी ताब्यात घेतलं आणि तांबडा बंद पडला, तो परत आला १९५९ मध्ये. बशीजवळ काउंटर नेला की कडकड सुरू होते, ती ऐकायला लहान मुलं आमच्या टेबलाशी गर्दी करतात.

आणि शेवटचं हत्यार म्हणजे बोटाचं पेर. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तशीच बशी तीन बोटांवर तोलून धरायची आणि काठावर टिचकी मारायची. खणखणली तर ठीक. बद्द वाजली की कुठेतरी केसासारखी चीर आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो.

पुढची वर्षं बरी गेली. जुन्या वस्तू विकणाऱ्यांच्या एका अँटिक मॉलमध्ये गाळा घेतला, मग दुसऱ्यात.

आता हिरव्या वाडग्याच्या प्रकरणाबद्दल. हे मी पूर्वी कुठे सविस्तर लिहिलं नव्हतं, आणि निम्मीशिम्मी हकीगत लोकांच्या तोंडी आहे, म्हणून लिहिते. ज्यांनी ते उकरलं त्या गृहस्थांचं नाव घेत नाही. पहिल्या मॉलमध्ये दाराजवळचा कोपऱ्यातला गाळा त्यांचा होता. आम्ही येईपर्यंत त्या भागात फिएस्टा म्हणजे तेच. त्यांच्या चिठ्ठ्यांवर किंमत आणि 'उत्तम' एवढंच असे. आम्ही पहिल्या दिवसापासून प्रत्येक भांड्याच्या चिठ्ठीवर दोष लिहीत आलो: टवका कुठे, किती मिलिमीटरचा, ओरखडे उजेडात दिसतात की नाही, झिलईत भट्टीतलाच बुडबुडा आहे का. गिऱ्हाईक दोन्ही गाळे बघून आमच्याकडे येऊ लागलं. त्यांना ते खुपलं.

२००८ च्या वसंतात पूर्व ओहायोतल्या एका घरातला आख्खा संग्रह विकायला निघाला. एकात एक बसणारे सातही मिक्सिंग बोल, बुडाशी एक ते सात आकडे असलेले. तिपायी मेणबत्तीदाण्या, सुरई. आणि एका कपाटात मागे मीडियम ग्रीन रंगाचा क्रीम सूपचा दोन कानांचा वाडगा. जाणकारांना याहून जास्त सांगायला नको. मीडियम ग्रीन आला १९५९ मध्ये आणि नेमका तेव्हाच क्रीम सूपचा वाडगा बंद झाला, त्यामुळे या रंगात तो फारच थोडा निघाला. घरावर कर्ज काढून आम्ही तो संग्रह उचलला. बाजार तेजीत होता, वर्षभरात कर्ज फिटेल असा हिशेब होता आणि तो हिशेब बरोबर होता.

मग सप्टेंबर उजाडला, बँका कोसळल्या, आणि ज्यांनी तोंडी भाव ठरवले होते ते एकेक करून फोन उचलेनासे झाले. तरी हिरवा वाडगा कॅलिफोर्नियातल्या एका संग्राहकाने घेतला. आमच्या हातून गेलेली तोवरची सर्वांत महाग वस्तू ती. त्या पैशांवर हिवाळा निघणार होता. आणि मॉलमधल्या त्या गृहस्थांनी या गिऱ्हाइकाला गाठून सांगितलं की वाडग्याचा एक कान तुटलेला होता, आम्ही तो चिकटवून, वर रंग मारून विकला. त्यांनी वाडगा कधी हातात घेतलेला नव्हता! आमच्या जाहिरातीतल्या फोटोत कानाच्या बुडाशी एक बारीक उंचवटा दिसत होता, तेवढा त्यांना पुरला.

वाडगा परत आला. कार्ड कंपनीने आमच्याकडून पैसे काढून घेतले. तीन आठवड्यांत ही गोष्ट पेन्सिल्व्हेनियापासून इंडियानापर्यंतच्या टेबलांवर पसरली. मॉलच्या मालकाने महिनाअखेर गाळा रिकामा करायला सांगितलं, काही विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या मॉलने त्याचंच बघून तेच केलं. सगळा माल तळघरात येऊन पडला, कर्जाचा हप्ता दर महिन्याला दारात, आणि डिसेंबरात त्याच गृहस्थांचा निरोप आला की सगळा माल ते एकगठ्ठा घ्यायला तयार आहेत. भाव सांगितला तो भंगाराचा. ह्यांनी निरोप आणणाऱ्याला चहासुद्धा विचारला नाही. आमच्या घरी असं कधी होत नाही.

आजींना मी वाडगा नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावला नाही, नुसतं अंगठ्याने चाचपलं. कान वेगळा साच्यातून काढतात, ओला असतानाच पातळ मातीच्या लेपाने अंगाला चिकटवतात, आणि जास्तीचा लेप ओल्या ब्रशने पुसतात. पुसताना घाई झाली की जोडाशी एक वळ राहतो, त्यावर झिलई चढते आणि वळ कायमचा. "हा सोमवारचा कान आहे," आजी म्हणाल्या. "सोमवारी आम्ही सगळ्याच घाईत असायचो."

पुढच्या वर्षी स्प्रिंगफील्डच्या जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनाला आम्ही टेबल घेतलं आणि टेबलावर बाकी काही न मांडता तो एकच वाडगा ठेवला. बाजूला दिवा, टाचणी, अॅसिटोनची बाटली आणि वर झाकायला काळं कापड. येईल त्याने स्वतः तपासावं. जुने जुने संग्राहक कापडाखाली डोकं घालून बघून गेले. टाचणी घसरली, बोळा कोराच राहिला, दिव्यात दोन्ही कान सारखेच दिसले. आजी खुर्ची टाकून दिवसभर शेजारी बसल्या होत्या, वयाच्या मानाने ते सोपं नव्हतं. दुपारी ते गृहस्थही आले. लोकांसमोर त्यांनी कापडाखाली पाहिलं, आणि म्हणाले काय, तर "मी फक्त शंका बोलून दाखवली होती."

कॅलिफोर्नियाच्या संग्राहकाने महिन्याभरात वाडगा पुन्हा घेतला, पूर्ण किमतीला, आणि सोबत दोन पानी पत्र पाठवलं. ते पत्र फ्रेम करून आमच्या पॅकिंगच्या टेबलावर लावलं आहे. कर्ज फिटायला पुढे बराच काळ गेला, पण फिटलं. मॉलचा गाळा आम्हाला कुणी परत दिला नाही आणि चूक झाली असं मालकाकडून आजतागायत ऐकलेलं नाही. त्या गृहस्थांच्या चिठ्ठ्यांवर हल्ली दोष मिलिमीटरमध्ये लिहिलेले असतात. ती पद्धत कुणाची ते मैदानातल्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि इथे ते लिहून ठेवण्याचा मला हक्क आहे.

आजी २०१४ मध्ये गेल्या. त्यांच्या पुढे टिचकी मारून बघणारं तसं माणूस मला भेटलेलं नाही.

नव्याने संग्रह करणाऱ्यांना चार गोष्टी सांगते. हिरवे रंग ट्यूबच्या उजेडात कधीही ठरवू नका. हलका हिरवा, शार्ट्रूज (पिवळसर हिरवा), फॉरेस्ट (गडद हिरवा) आणि मीडियम हे चारही दिवसाउजेडी, पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. पन्नाशीच्या दशकातला करडा आणि गुलाबी सध्या स्वस्त वाटला तर घेऊन ठेवा. हार्लेक्विनवर शिक्का नसतो, ती वूलवर्थच्या दुकानांसाठी काढलेली होती. शिक्का नाही म्हणून बनावट समजून टाकून देऊ नका, कपाचा टोकदार कान बघा. जुन्या भांड्यांत, विशेषतः तांबड्यांत, टोमॅटोचं सार, आमसुलाचं सार, लोणचं, ताक असलं आंबट काही ठेवू नका, झिलईतलं नको ते अन्नात उतरतं. मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच घालू नका. बश्या एकावर एक रचताना मध्ये कागदी प्लेट घाला. पोस्टाने पाठवायच्या तर खोक्यात खोकं, आणि आतल्या खोक्याला चारही बाजूंनी हवा. बश्या आडव्या रचून पाठवणाऱ्याकडून मी माल घेत नाही, त्या उभ्याच भरायच्या.

सध्या आम्हाला कोबाल्टमधले मोठे मिक्सिंग बोल, सहावा आणि सातवा, आणि कुठल्याही रंगातली ओनियन सूपच्या वाडग्यांची झाकणं हवी आहेत, एकटी झाकणंसुद्धा चालतील. विकायचं असेल तर फोटो पाठवा, पण आधी पाठीचा. व्यास इंचात कळवा, आणि टवका असला तर त्याच्याशेजारी नाणं ठेवून फोटो काढा. उत्तर त्याच दिवशी जातं.