तुम्ही विचारलंत म्हणून : बॅरनी म्हणजे बॅरन हा किताब असलेल्या सरदाराची जहागीर का?

नाही. आयर्लंडच्या जुन्या कागदांतली बॅरनी हा जमिनीचा विभाग आहे, आपल्या परगण्यासारखा. सर्वांत खाली टाउनलँड, म्हणजे जमिनीचा सर्वांत लहान विभाग, अशी साठ हजारांहून जास्त. त्यांच्यावर सिव्हिल पॅरिश (सरकारी नोंदींतला विभाग), मग बॅरनी, मग काउंटी, म्हणजे जिल्हा. बऱ्याच बॅरनींच्या हद्दी गेलिक टोळ्यांच्या जुन्या प्रदेशांवरून आल्या.

नावावरून घराणं ओळखायला गेलं की फसगत होते. बॅरीमोर या बॅरनीत बॅरी घराणं होतं, हे खरं. पण कॉर्क काउंटीतली कारबरी बघा. नाव लिमरिककडून दक्षिणेला सरकलेल्या ई कारब्रे या टोळीचं. सत्ता मात्र मॅकार्थी रे घराण्याची. त्यांचं मुख्य ठाणं किल्ब्रिटन, आणि बाल्टिमोरचे ओ'ड्रिस्कॉल त्यांच्या वर्चस्वाखाली. ‘बॅरन कारबरी’ हा किताब तर 1715 साली जॉर्ज इव्हान्स यांना मिळाला. मॅकार्थींशी त्याचा संबंध नाही, आणि किताबासोबत बॅरनीची मालकीही येत नाही.

म्हणून घराण्याच्या जमिनीचा शोध खालून वर करावा. आधी टाउनलँड पक्कं करा. 1851च्या जनगणनेवर आधारलेल्या, 1861 साली छापलेल्या टाउनलँड सूचीत प्रत्येकापुढे क्षेत्रफळ, काउंटी, बॅरनी, पॅरिश आणि नकाशाचा पत्रक क्रमांक आहे. किल्मोर नावाची कितीतरी टाउनलँड आहेत, त्यामुळे नुसतं नाव टिपून ठेवण्यात अर्थ नाही. पॅरिश आणि बॅरनी सोबत हवीच. ही पॅरिश सिव्हिल; कॅथलिक चर्चच्या पॅरिशच्या हद्दी वेगळ्या. शिवाय एकच सिव्हिल पॅरिश दोन बॅरनींत विभागलेली असू शकते. कारबरीत तर ईस्ट आणि वेस्ट अशा दोन बॅरनी, आणि प्रत्येकीचे पुन्हा ईस्ट-वेस्ट डिव्हिजन! ‘ईस्ट कारबरी, वेस्ट डिव्हिजन’ हे पूर्ण लिहिलं नाही तर पुढचं सगळं चुकतं.

नंतर ग्रिफिथचं मूल्यांकन (1847–1864), म्हणजे कर ठरवण्यासाठी केलेली जमीन-घरांची नोंद, उघडा. त्यात कूळ आणि त्याला जमीन देणारा शेजारशेजारच्या रकान्यांत दिसतात. त्याही मागे जायचं तर ‘बुक्स ऑफ सर्व्हे अँड डिस्ट्रिब्यूशन’ पाहा : 1641चा मालक कोण आणि इंग्रज सत्तेने केलेल्या जप्तीनंतर जमीन कुणाला गेली, हे तिथे कळतं. घराण्याचा खरा माग इथेच लागतो.

एकरांचे आकडे जुळले नाहीत तर घाबरू नका. सतराव्या शतकातली मोजणी आयरिश एकरात आहे. एक आयरिश एकर म्हणजे सुमारे 1.62 इंग्रजी एकर. आधी गुणाकार करा, मग तुलना.