ओटा फोडल्यापासून

सोमवार, रात्री

आज ओटा फोडला. मिस्त्री म्हणाले, "ताई, पंधरा दिवस धरा." म्हणजे महिना धरायचा. शेगडी, मिक्सर, डाळींचे डबे सगळं हॉलमध्ये पलंगाखाली गेलंय आणि त्यावर सिमेंटचा पांढरा थर बसलाय. आईला कालच दादाकडे ठाण्याला पोचवून आले. साडेनऊला तिचा फोन.

"काय खाल्लंस?"

"ब्रेड."

"ब्रेड हे काय जेवण आहे?"

नाहीच. पण तीस वर्षं बँकेत नोकरी करूनसुद्धा मला एकटीनं हॉटेलात जाऊन बसायची सवय नाही, हे तिला कसं सांगणार? डबा असतो, पार्सल असतं, मैत्रिणी असतात. एकटी कधी बसलेच नाही. ओटा होईपर्यंत रोज कुठेतरी बसून खायचं, आणि ते इथे लिहायचं, असं ठरवलंय. बघू.

बुधवार

ऑफिस सुटल्यावर फोर्टातून चालत धोबी तलावला गेले. कयानी. 1904 सालचं हे हॉटेल. मी मूळची गिरगावातली, त्यामुळे मेट्रो सिनेमासमोरच्या त्या दारावरून हजारदा तरी गेले असेन. आत लहानपणी दोनतीनदाच, आणि ते बाबांबरोबर.

तेव्हा आमच्या वाडीतल्या बायका इराण्याकडे जायच्या नाहीत. गेल्याच तर घरच्या पुरुषासोबत, आणि बसायचं ते फॅमिली रूममध्ये. कितीतरी इराण्यांकडे अशी खोली असायची. एका इराण्याकडची मला अजून आठवते: अर्ध्या उंचीचं लाकडी पार्टिशन, मळका पडदा, आत पंखा नाही. बाहेर संगमरवरी टेबलं, दोन्ही रस्त्यांवर उघडणारी दारं, वारा, गल्ल्यावरचा बावाजी, सगळी मजा. आम्ही पडद्याच्या फटीतून ती बघत बन मस्का खायचो. इराण्यांना कोपऱ्यावरचे गाळे मिळाले कारण आपल्याकडचे दुकानदार कोपरा अशुभ मानायचे, असं सगळे सांगतात. कोपऱ्याचा उजेड त्यांना मिळाला, आणि त्यातही बायकांना पडदा.

आज बाहेर बसले. लाल चौकड्यांचा टेबलक्लॉथ, मागे वाकवलेल्या लाकडाची खुर्ची. बसल्यावर लक्षात आलं की मी भिंतीकडे तोंड करून बसलेय. कुणी सांगितलं नव्हतं. बन चहात बुडवला की मस्का सुटतो आणि चहावर पिवळे, गोल तवंग फिरायला लागतात. ते बघत बसणं हा इराण्याकडे एकटं बसायचा सगळ्यात सोपा उपाय आहे. मोबाइल लागत नाही.

मग एक म्हातारे गृहस्थ आले. "बैठू?" एवढंच विचारलं. मी मान हलवली. ते समोर बसले, पेपर उघडला, आणि माझ्याकडे न बघता आतली पुरवणी काढून माझ्या बाजूला सरकवली. पुढची वीस मिनिटं आम्ही एकाच पेपरचे दोन भाग वाचले. जाताना मी पुरवणी घडी करून ठेवली. एक शब्द बोलणं झालं नाही.

आईला रात्री सांगितलं. ती म्हणाली, "समोर कोण होतं?" काय खाल्लं ते विचारायचं विसरली.

शुक्रवार

घरी जायला मुलुंडची गाडी पकडली आणि मधेच माटुंग्याला उतरले. स्टेशनाबाहेर, पहिल्या मजल्यावर, रामा नायकांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग. 1942 सालापासून आहे. ऑफिसात रामा नायकांच्या जेवणाच्या गोष्टी इतक्या ऐकल्या होत्या की गेल्यासारखंच वाटायचं. गेले नव्हते.

नावातला ‘बोर्डिंग’ हा शब्द बघा. घर गावाकडे आणि नोकरी मुंबईत, अशा माणसांनी दोन वेळ येऊन जेवायचं ठिकाण. आपण ज्याला खाणावळ म्हणायचो, तेच. आधी काउंटरवर कूपन घ्यायचं, मग थांबायचं, मग जिथे जागा होईल तिथे बसायचं. कुणाशेजारी, हे तुमच्या हातात नाही. मला हे फार आवडलं. एकटीनं आलेल्या बाईला ‘किती जण?’ असं कुणी विचारत नाही, कारण इथे सगळेच एकेकटे.

माझ्या समोर माझ्याच वयाची एक बाई आली. केळीच्या पानावर वाढप्यानं भात वाढला, आणि लगेच दुसरा रसमची बादली घेऊन हजर. मी म्हटलं, वाढा. त्यानं पळी ओतली आणि रसम सुसाट निघालं. पान सपाट, त्याला काठ नाही. कोशिंबिरीला वळसा घालून ते थेट माझ्या साडीच्या दिशेनं. मी हातानं भाताचा बांध घालतेय, बांध फुटतोय, पुन्हा घालतेय.

समोरची बाई हसली नाही. तिनं नुसतं आपल्या भाताच्या ढिगात मधोमध बोटांनी खळगं केलं, वाढप्याकडे बघितलं, त्यानं रसम बरोबर त्या खळग्यात ओतलं. तिनं कडेचा भात आत ढकलला, पटपट कालवला, आणि मग माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. जमेल का? दुसऱ्या भाताला जमलं.

बादल्या घेतलेली माणसं सारखी फिरत असतात. नको असेल तर पानावर हात आडवा धरायचा. ‘बस, बस’ म्हणून उपयोग नाही, तेवढ्यात पडलेलं असतं. लग्नाच्या पंगतीची आठवण झाली, फक्त आग्रह करणारी मामी नाही. आणि जेवण झालं की उठायचं. पानासमोर रेंगाळलात तर मागे उभ्या असलेल्याची नजर पाठीला जाणवते. हल्ली सगळ्यांना निवांत बसायला जागा हवी असते. मला वाटतं, एकट्या माणसाला निवांतपणाचीच जास्त भीती वाटते. घाई असली की एकटेपणाकडे कुणाचं लक्ष जात नाही, आपलंही नाही.

गाडीत बसल्यावर लालबागची आत्या आठवली. दीड खोलीत तिची खाणावळ होती. गिरणीतले सहा गडी तिच्याकडे जेवायला, दोन पाळ्यांत. भाकरी, आमटी, बुधवारी आणि रविवारी मासे. गिरणगावात अशा शेकडो बायका होत्या. त्यांच्यासाठीच प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आत्या त्यात नव्हती. तिला काकांनी जाऊ दिलं नाही, असं आई म्हणते. जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि तिचे गडी एकेक करून गावाला गेले. आत्याच्या वहीत दोघांची बाकी शेवटपर्यंत तशीच होती. नावं खोडली नाहीत, बाकीही खोडली नाही.

आठवायचा प्रयत्न केला: आत्याला जेवताना मी कधी पाहिलं? नाही आठवत. गडी जेवताना दिसतात, आम्ही मुलं दिसतो. आत्या सतत उभी.

रविवार

गिरगावात काम होतं. विनय हेल्थ होममध्ये मिसळ खाल्ली. हेल्थ होममध्ये मिसळ! आपल्या जुन्या लोकांना हॉटेल काढायची लाज वाटायची की काय कोण जाणे. आरोग्य भवन, दुग्ध मंदिर, उपाहारगृह, विश्रांतीगृह, काहीही म्हणतील, हॉटेल म्हणणार नाहीत. आणि आपण मात्र टपरीलासुद्धा बिनदिक्कत हॉटेल म्हणतो.

मिसळ चांगली होती. शेजारच्या टेबलावर कुटुंब होतं, आई-वडील आणि दोन मुलं. आई सगळ्यांच्या ताटलीत पाव तोडून देत होती. तिची मिसळ गार झाली. आता हेच दिसत राहणार मला.

मंगळवार

आज चिडलेय. ऑफिसातल्या मुलींच्या हट्टाखातर एका नव्या रेस्टॉरंटात गेलो. नाव लिहीत नाही. मेन्यू कार्ड नाही, चौकोन स्कॅन करा. गाणी इतकी मोठ्यानं की पलीकडची काय बोलते ते ओठांवरून ओळखायचं. टेबलं एकमेकांपासून लांब लांब, मधे कुंड्या. कुणाशी गाठ पडायचा प्रश्नच नाही.

बिल आलं. मुलींनी फोन काढले. मी म्हटलं, थांबा, वाचू द्या. पाच टक्के जीएसटी, ठीक. त्याच्या वर दहा टक्के सर्व्हिस चार्ज. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्येच सांगितलंय की हा आपोआप बिलात घालता येत नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. द्यायचा की नाही हे गिऱ्हाईक ठरवणार. मी मॅनेजरला बोलावलं. मुली टेबलाखाली जायच्या बेतात. तो म्हणाला, "मॅडम, ये स्टाफ के लिए है." मी म्हटलं, मग स्टाफच्या हातात देते. बिल बदलून आलं.

वाढणाऱ्या मुलाला मी नोटा दिल्या तेव्हा त्यानं आधी मॅनेजर कुठे आहे ते बघितलं आणि मग खिशात घातल्या. ते अजून डोळ्यांसमोर आहे. रामा नायकांकडचा वाढपी माझ्याकडे बघतही नव्हता, नुसतं पानाकडे. या मुलानं अडीच तासांत आठ वेळा विचारलं असेल, ‘सब ठीक है ना?’

गुरुवार

दादर स्टेशनाबाहेर वडापाव, उभ्यानं. याच स्टेशनाबाहेर 1966 च्या सुमारास अशोक वैद्यांनी वडा पावात घातला, असं म्हणतात. गिरणीतल्या माणसाला बसायला वेळ नव्हता. उभ्यानं खाताना समोर कोण, शेजारी कोण, हा प्रश्नच मिटतो. हात चटणीचे, पर्स खांद्यावरून घसरतेय. तक्रार नाही.

ओट्यावर ग्रॅनाइट बसला. रंग मी निवडलेला नाही. मिस्त्री म्हणतात, हाच निवडला होता.

रविवार

एकविसावा दिवस. घर जवळजवळ लागलंय. आईला आणायला ठाण्याला गेले, आणि परत येताना मुलुंडला न उतरता तिला तशीच पुढे माटुंग्याला घेऊन गेले. "अगं, घर गेलं मागे," ती म्हणाली. म्हटलं, आज रामाश्रय हॉटेलात.

ब्याऐंशी वर्षांची बाई, गुडघे दुखतात, आणि बाहेर सकाळची रांग. एका मुलानं तिला पायरीवर बसायला जागा करून दिली. आत जागा झाली ती एका टेबलाच्या दोन खुर्च्या. समोर एक तिशीतला मुलगा आधीच बसून खात होता. आई दारातच थबकली. मला कळलं. ती पडदा शोधत होती.

"इथेच," मी म्हटलं. तिनं पदर सारखा केला, पिशवी मांडीवर घेतली आणि बसली. भिंतीकडे तोंड करून नाही, कारण तशी जागाच नव्हती. वाढप्यानं एका दमात सगळे पदार्थ म्हणून दाखवले. मला चार कळले. आईला त्यातला एकही कळला नाही, पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. समोरच्या मुलाच्या ताटलीकडे बघत होती. पिवळाधमक शिरा, तुपानं चकाकणारा, त्यात अननसाचे तुकडे.

"ते काय आहे रे, बाळा?"

"पायनॅपल शिरा, आजी."

"गोड जास्त आहे का?"

त्यानं खरंच विचार केला. "थोडा आहे."

"मग मला तोच सांग," आई मला म्हणाली. "आणि हिला काहीतरी तिखट सांग. ही तीन आठवडे ब्रेडवर आहे," हे त्याला.