आई त्या मडक्यांपुढून हलेना

डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आज आई दोन मडक्यांपाशी थांबली ती थांबलीच. तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली मडकी. अशांतच तान्ही बाळं पुरायचे.

"कुठलं गं हे?"

इनामगावचं. शिरूर तालुका, घोड नदीकाठ. मग मी वाचलेलं सगळं घडाघडा ओतलं. इ.स.पू. १६०० च्या सुमारास येऊन वसलेले शेतकरी, १९६८ ते १९८३ चाललेलं उत्खनन, ते करणारे सांकलिया, ढवळीकर... गावाबाहेर मसणवटा नाही, घरातच जमिनीखाली पुरायचे. मोठ्या माणसांचे पाय घोट्याशी तोडून. मेलेला उठून चालू लागू नये म्हणून, असं अभ्यासक मानतात.

पायांवरच ती दचकेल असं वाटलं होतं. (मी दचकले होते.) ती मडक्यांकडेच बघत म्हणाली, "म्हणजे त्याची आई रोज त्याच्यावरूनच सारवत असणार."

एवढं वाचून मला हे सुचलं नव्हतं.

माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता. अकरा दिवसांचा. गावाला ओढ्याकाठी कुठेतरी पुरला, इतकंच माहीत. जागा तिला कुणी दाखवली नाही. बायकांनी जायचं नसतं म्हणे.

तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या बाईला निदान जागा ठाऊक होती.

येरवड्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा आईनं हळूच विचारलं, "तो ओढा अजून आहे का गं तिथं?"